पेटी शिकता शिकता जुन्या पेट्यांचा ऑनलाइन व्यवहार

महाराष्ट्रात पडून राहिलेल्या पेट्यांना, म्हणजे हार्मोनियमना, तोटा नाही. आजोबांचं भजनी मंडळ बंद पडलं, मुलीने संगीताची प्रवेशिका परीक्षा देऊन क्लास सोडला, वाडा पाडून फ्लॅट झाला आणि पेटी दिवाणाच्या पोटात गेली. मग एक दिवस घराची साफसफाई निघते आणि ती ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर येते, सोबत दोन अंधुक फोटो आणि ‘चालू स्थितीत’ एवढाच मजकूर. तिकडे क्लासला नुकताच जाऊ लागलेला कुणीतरी स्वस्तात पेटी शोधत असतो. विकणाऱ्याला ती वाजवता येत नसते, घेणाऱ्याला अजून यायची असते. वर्ष-दोन वर्षं शिकलेल्या माणसाला या दोघांच्या मधे चांगलं काम आहे.

मी पुण्यात नोकरी सांभाळून हे करतो. यावर घर चालत नाही. क्लासची फी, गाण्याच्या कार्यक्रमांची तिकिटं सुटतात, आणि निरनिराळ्या पेट्या हाताखालून गेल्याने कान तयार होतो. माझ्या लेखी हा दुसरा फायदा मोठा आहे, कारण पेटीतला दोष ऐकू यायला जो कान लागतो तोच बेसूर झालेला स्वतःचा सूर पकडायलाही लागतो.

आधी एक पेटी विक्रीतून बाहेर काढा

धंद्याची पहिली पेटी घेण्यापूर्वी स्वतःच्या रियाजाची पेटी ठरवा आणि ती कितीही भाव आला तरी विकू नका. प्रत्येक पेटीच्या बोटांनी दाबायच्या पट्ट्यांची रुंदी, त्या किती खोल दबतात, भाता हाताला किती जड लागतो हे सगळं वेगळं असतं. दर पंधरा दिवसांनी पेटी बदलली तर बोटं कशालाच सरावत नाहीत आणि गुरुजींच्या ते पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतं.

ही पेटी कशी असावी? दोन सुरांची, म्हणजे खर्ज (खालच्या सप्तकाचा) आणि नर (मधल्या सप्तकाचा) असे सुरांचे दोन संच असलेली, साध्या बांधणीची. कपलर, म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही दाबणारी सोय, नको. स्केल चेंजर, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकदम सरकवून सा बदलायची सोय, तर शिकणाऱ्याने टाळावाच असं माझं ठाम मत आहे. काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी), काळी दोन, पांढरी चार, प्रत्येक ठिकाणाहून सा धरून वाजवायची सवय सुरुवातीलाच लागली पाहिजे. पट्टी सरकवून काम भागायला लागलं की ती लागत नाही.

माल ओळखायला शिका

पेटीची किंमत लाकडावर किंवा पॉलिशवर ठरत नाही, ती आतल्या सुरांवर ठरते. सूर म्हणजे पितळी पट्टीत बसवलेली ती पातळ जीभ, जिला सगळे आता रीड म्हणतात. खालच्या सप्तकातला संच खर्ज, मधला नर, वरचा मादी. आपल्याकडच्या पेट्यांत गुजरातमधल्या पालिताण्याचे रीड पुष्कळ आढळतात आणि त्यांना चांगलं नाव आहे. जुन्या पेट्यांत जर्मन रीड असू शकतात, त्यांना शौकिनांकडून जास्त भाव मिळतो. मात्र जाहिरातीत ‘जर्मन रीड’ लिहिलेलं असेल तर ते वाचून पुढे जा. विकणाऱ्याने बहुधा ते वडिलांकडून ऐकलेलं असतं. रीडवर छाप दिसला आणि जाणत्या कारागिराने होकार दिला तरच तेवढे पैसे मोजा.

जुन्या पेट्या आपल्याकडे इतक्या का, याचंही थोडं कारण सांगतो. १८४० साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते पायाने भाता मारायचं वाद्य होतं. कोलकात्याला त्याची हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवता येणारी आवृत्ती झाली आणि ती देशभर पसरली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं, पण भजन, कीर्तन आणि संगीत नाटक काही पेटीवाचून राहिलं नाही. त्यामुळे गावोगावी मंडळांकडे आणि घराघरांत पेट्या आल्या त्या राहिल्या. मधूनच एखादी पायपेटी किंवा नाटकातला ऑर्गनही विक्रीला येतो. दिसायला मोहक असतो, पण त्याचं गिऱ्हाईक अगदी निराळं आणि जागा भरपूर लागते. सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

फोनवरच निम्मी चाळणी लावा

जाहिरात दिसली की लगेच गाडी काढू नका. आधी फोन करा आणि सरळ विचारा: काका, पेटी कुणाची? शेवटची कधी वाजली? कुठे ठेवली होती? भाता भरतो का? ट्यूनिंग कधी करून घेतलं होतं? माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेली पेटी चालते. मोरीशेजारच्या भिंतीला टेकून चार पावसाळे काढलेली पेटी पाहायला जाण्यातही अर्थ नसतो. कोकणातून आणि समुद्राकाठच्या गावांतून येणाऱ्या पेट्यांचे स्क्रू आणि स्प्रिंगा गंजलेल्या असण्याची शक्यता धरूनच चला.

मग एक व्हिडिओ मागा. वाजवता येत नसलं तरी डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत जाता येतं. व्हिडिओत मुक्या पट्ट्या किती आणि आपोआप वाजणारे सूर किती ते कळतं. जो माणूस व्हिडिओ द्यायला खळखळ करतो पण ‘आधी टोकन पाठवा’ म्हणतो, तिथे तो विषय संपवायचा.

घरी गेल्यावर पेटी कशी पाहायची

सोबत न्यायच्या वस्तू: मोबाइलवर ट्यूनर ॲप, छोटी विजेरी, स्क्रू-ड्रायव्हर, मऊ ब्रश आणि तुमचा स्वतःचा कान. पाणी, चहा घ्या, मालकाला बोलू द्या. आजोबांची पेटी विकताना माणसं हळवी होतात, त्यांच्यासमोर पहिल्याच मिनिटाला दोष काढायला बसू नये.

सगळ्यात आधी भाता. सगळे स्टॉपर (सुरांकडे हवा सोडणाऱ्या, ओढायच्या खुंट्या) बंद करा आणि भाता मारत राहा. आतला भाता भरला की बाहेरचा भाता हाताला विरोध करायला लागतो, पुढे ढकलला जात नाही. तो नुसता सळसळत पुढेमागे होत राहिला तर हवा कुठूनतरी निघून जात आहे. कान जवळ नेला तर जागाही सापडते. घड्यांच्या कोपऱ्यावरचं चामडं किंवा कापड फाटलं असेल तर ते काम सोपं असतं. आतल्या फळीला तडा गेला असेल तर ते मोठं काम. आता फक्त नर सूर उघडा, एक पट्टी दाबून धरा आणि एका भरलेल्या भात्यावर सूर किती वेळ टिकतो ते मोजा. ही चाचणी स्वतःच्या पेटीवर आधी करून ठेवलेली असली म्हणजे तुलना करता येते.

नंतर पट्ट्या. नर आणि खर्ज वेगवेगळे उघडून प्रत्येक पट्टी वाजवा, दोन्ही एकदम उघडून नाही. दोन्ही एकदम उघडले की एकाचा दोष दुसऱ्याखाली झाकला जातो. पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो का, घरघरतो का, मुका आहे का, सोडल्यावर पट्टी वर येते का, हे पाहा. पट्टी न दाबताच सूर वाजत असेल तर बहुतेक वेळा स्प्रिंग ढिली झालेली असते किंवा पट्टीखालचं चामडं नीट बसत नसतं. घरघर करणाऱ्या रीडमध्ये अनेकदा नुसता केस किंवा धुळीचा कण असतो. मुका सूर मात्र जपून पाहावा, कारण जीभ तुटलेली असेल तर रीडच बदलावा लागतो.

मग सुरांची जुळणी. ट्यूनर ४४० हर्ट्झवर ठेवा आणि भाता एकसारखा, मध्यम मारा. जोरात मारला तर सूर किंचित उतरतो आणि तुम्हाला चुकीचं वाचन मिळतं. सगळ्या पट्ट्या सारख्याच प्रमाणात चढ्या किंवा उतरलेल्या असतील तर पेटी स्वतःशी सुरात आहे. एकट्याने गायला किंवा ज्याचा सूर कमी-जास्त करता येतो अशा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासोबत वाजवायला ती चालते. एखादी दहा सेंट चढी आणि शेजारची पंधरा सेंट उतरलेली, असं चित्र असेल तर पूर्ण ट्यूनिंगचा खर्च किमतीतून वजा करा. एका सुरापासून लगतच्या सुरापर्यंत १०० सेंट असतात, हे ध्यानात असलं की आकड्यांचा अंदाज येतो.

शेवटी जाळी उघडून आत विजेरी मारा. उंदराच्या लेंड्या, कुरतडलेलं कापड, वाळवीची माती यातलं काही दिसलं तर नमस्कार करून निघा. वाळवी लागलेली पेटी घरात आणणं म्हणजे घरातल्या बाकीच्या लाकडालाही धोका.

पेटीवर मंडळाचं किंवा देवस्थानाचं नाव रंगवलेलं असेल तर एक प्रश्न जास्त विचारा. ती विकायचा अधिकार समोरच्याला आहे का? मंडळाच्या अध्यक्षांची चार ओळींची चिठ्ठी मागायला संकोच करू नका. चोरीचा माल माहीत असूनही घेणं किंवा जवळ ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. घरगुती पेटी असली तरी साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, तारीख, रक्कम आणि सही घ्यावी. मी तरी पावतीशिवाय पेटी उचलत नाही.

भाव कसा ठरवायचा

इथे सगळे घाई करतात. उलट्या बाजूने हिशेब करा. बाजारात नवी साधी दोन सुरांची पेटी साधारण १२ ते २० हजारांत मिळते, म्हणून जुन्या, दुरुस्त केलेल्या पेटीला गिऱ्हाईक त्याहून बरंच कमी देणार. समजा तुमच्या अंदाजाने ती ९,००० ला जाईल. ट्यूनिंग आणि चामड्याचं काम १,८००, रिक्षा-टेम्पो आणि पॅकिंग ६००, आणि तुमच्या हातून सुटलेला एखादा दोष निघेल म्हणून ६०० बाजूला. राहिले ६,०००. तुम्हाला दीड हजार सुटावेत असं वाटत असेल तर खरेदीची वरची मर्यादा ४,५००. हा आकडा घरून निघण्यापूर्वी वहीत लिहा, समोर बसल्यावर नाही.

घासाघीस करताना दोष मोजून दाखवा आणि दुरुस्तीचा खर्च सांगा. “ही तर भंगार आहे” असं बोलून भाव पाडणारे लोक असतात. त्यांना एकदा पेटी मिळते, पण त्या घरातून दुसरा फोन कधी येत नाही. मला निम्म्या पेट्या आता आधीच्या विकणाऱ्यांच्या ओळखीतून मिळतात.

स्वतः काय करायचं, कारागिराकडे काय द्यायचं

धूळ तुम्ही काढा. जाळी काढून कोरड्या, मऊ ब्रशने, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर अगदी कमी जोरावर. रीडमध्ये अडकलेला कण काढायला पातळ कागदाची पट्टी जिभेखालून अलगद सरकवा. पट्ट्या किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या करा. रीडवर तेल, पाणी, गंज काढायचा स्प्रे, पितांबरी यातलं काहीही लावायचं नाही. पितळ चकचकीत होईल आणि सूर जाईल.

ट्यूनिंग शिकलेल्या हाताकडेच द्यावं. जिभेच्या टोकाशी घासलं तर सूर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो, एवढं तत्त्व वाचून घरी कानस घेऊन बसणारे उत्साही असतात. एकदा घासलेलं पितळ परत येत नाही. त्यापेक्षा कारागिराच्या शेजारी स्टूल टाकून दोन तास बसायची परवानगी मागा. बहुतेक जण आनंदाने देतात, आणि त्या दोन तासांत पेटीच्या पोटातलं जे कळतं ते एरवी कळत नाही.

विक्रीआधीचा आठवडा रियाजाचा

दुरुस्त होऊन आलेली पेटी लगेच विक्रीला लावू नका. आठवडाभर तिच्यावर अलंकार, म्हणजे सुरांचे सरावाचे ठरलेले क्रम, वाजवा, तेही ठरवून. सोमवारी सा काळी एकवर, मंगळवारी काळी दोनवर, बुधवारी पांढरी चारवर, असं करत जा. सारेग रेगम गमप हे साधे पलटे वेगवेगळ्या ठिकाणी सा धरून फिरवले की पेटीवरची प्रत्येक पट्टी वाजवली जाते आणि तुमचाही सा बदलून वाजवायचा सराव होतो. आधी संथ लयीत वाजवा म्हणजे सुराचा दोष कानाला लागतो, मग दुप्पट लयीत म्हणजे अडकणारी पट्टी बोटाला लागते. जे आढळेल ते वहीत लिहा. ‘मध्य सप्तक, पांढरी सहा, नर, किंचित उशिरा’ अशी नोंद कारागिराला दाखवली की त्याचाही वेळ वाचतो.

रोजचा मूळ रियाज मात्र आधी, स्वतःच्या पेटीवर. विक्रीची पेटी त्यानंतर वीस मिनिटं. हा क्रम उलटला की पाठांतर मागे पडतं आणि क्लासमध्ये नवीन राग पुढे ढकलावा लागतो.

जाहिरात

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. समोरून, वरून पट्ट्या, मागून भाता उघडलेला, जाळी काढून आतून, आणि जिथे ओरखडा किंवा टवका आहे तो जवळून. व्हिडिओ दोन मिनिटांचा पुरे. पहिल्या मिनिटात सगळ्या पट्ट्या क्रमाने, दुसऱ्यात एखाद्या अभंगाची ओळ किंवा भूप रागातली छोटी सुरावट. मागे टीव्ही, कुकरची शिट्टी नको.

मजकूर असा लिहिता येईल: “दोन सुरांची पेटी, खर्ज-नर. पट्ट्या ३९. गेल्या महिन्यात पूर्ण ट्यूनिंग, ४४० ला. भात्याचं चामडं नवीन. उजव्या कोपऱ्यावर पॉलिश गेलं आहे, वाजण्यात दोष नाही. घरी येऊन तासभर वाजवून पाहा. कोथरूड. किंमत ९,५००.” दोष स्वतःच लिहिला की घरी आलेलं गिऱ्हाईक त्यावरून भाव पाडू शकत नाही.

विक्रीचे दिवस ठरलेले आहेत. जूनमध्ये नवे क्लास लागतात, आषाढी आणि श्रावणात भजनी मंडळांना पेटी लागते, मग गणपती, आणि दसऱ्याला मुहूर्त म्हणून शिकायला सुरुवात करणारे. दिवाळी झाली की मागणी थंडावते आणि खरेदीला बरे दिवस येतात.

पैसे आणि ठग

जुन्या वस्तूंच्या व्यवहारातला सगळ्यात चालणारा गंडा असा: पेटी न पाहता, भाव न करता माणूस ‘घेतो’ म्हणतो, आपण सैन्यात असल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि मग पैसे ‘पाठवण्यासाठी’ क्यूआर कोड देतो. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. गेलेच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर तक्रार करा, उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. जमा झाल्याचा स्क्रीनशॉट पाहून पेटी देऊ नये, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसू द्या.

गिऱ्हाइकाला वाजवून पाहायला भरपूर वेळ द्या. त्याच्यासोबत त्याचे गुरुजी किंवा बाई येणार असतील तर उत्तमच. पहिल्या महिन्यात काही बिघडलं तर दुरुस्तीला मदत करेन, एवढं तोंडी आश्वासन मी देतो आणि पाळतो.

परगावी पाठवायची वेळ आली तर भात्याची कडी लावा, स्टॉपर बंद करा, पट्ट्यांवर मऊ कापड घालून झाकण बसवा, भोवती फोम आणि बाहेर जाड खोका. पेटी आडवी-उभी करू नका म्हणून खोक्यावर बाण काढा, जरी हमाल तो वाचेल याची खात्री नसली तरी. जमेल तितकं हातोहात देणंच बरं.

पेटीशिवाय बाकीचं

तबला-डग्गा घेताना शाईला (मधल्या काळ्या गोलाला) तडे, चाट (कडेची चामड्याची पट्टी) सुटलेली, वादी (ताण द्यायची चामड्याची दोरी) झिजलेली हे पाहा. पुडी, म्हणजे वरचं सगळं चामडं, बदलायचा खर्च धरला तर स्वस्त तबला अनेकदा महाग पडतो. डग्गा तांब्याचा असेल तर नुसत्या भांड्यालाही किंमत असते. तानपुरा आणि सतारीच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये. भोपळ्याला गेलेली बारीक चीर सहसा दिसत नाही, आणि त्याची दुरुस्ती मिरजेच्या कारागिरांकडेच नीट होते. जुन्या तंतुवाद्यांची घोडी (जिच्यावर तारा टेकतात ती) सांबरशिंगाची किंवा वाद्यावरची नक्षी हस्तिदंताची असू शकते. अशा वस्तूंचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, तेव्हा शंका आली तरी हात लावू नका. कीबोर्ड आणि गिटार यांना गर्दी फार आणि नफा थोडा.

वही, कर आणि परीक्षा

प्रत्येक पेटीला वहीत एक पान द्या: कुणाकडून, कितीला, दुरुस्ती, विक्री, शिल्लक. नफा हे व्यवसायाचं उत्पन्न आहे, ते विवरणपत्रात दाखवायचं. छोट्या व्यावसायिकांसाठी उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरायची सोय आहे. आपला नफा त्याहून जास्त असेल तर जास्त दाखवायचा. फक्त राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात विकायची असेल तर आधी सीएला विचारा.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात. यातला पहिला हंगाम अडचणीचा आहे, कारण शाळा संपल्यावर, बदल्या होताना पेट्या विक्रीला निघतात त्या याच दिवसांत. परीक्षेला बसणार असाल तर आधीचे सहा आठवडे खरेदी बंद. फारच चांगली पेटी आली तर प्रत्यक्ष जाऊन पाहा, थोडी रक्कम देऊन पावती घ्या आणि परीक्षेनंतर उचलतो म्हणून सांगा. वर्षानुवर्षं दिवाणात पडलेल्या पेटीसाठी बहुतेक लोक तेवढं थांबायला तयार असतात.